अग्रलेखातील ‘आम्ही’ आणि छापखान्याची मालकी

मराठी वृत्तपत्राच्या अग्रलेखात लिहिणारा स्वतःचा निर्देश ‘आम्ही’ या सर्वनामाने करतो, हा संकेत एकोणिसाव्या शतकापासून इतका रूढ आहे की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. व्याकरणदृष्ट्या मात्र तो लक्षणीय आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही त्यात सामावतो. ‘आम्ही’ म्हटले की तो वगळला जातो. इंग्रजीत हा भेद नाही. तेथील संपादकाने वापरलेल्या अनेकवचनात वाचकाला, वाटल्यास, स्वतःचा समावेश करून घेता येतो. मराठी वाचकाला ती सोय नाही. ‘आम्हांस असे वाटते’ हे वाक्य वाचताच बोलणारा पक्ष वेगळा आणि ऐकणारा वेगळा, अशी रेषा आखली जाते.

तर मग या ‘आम्ही’त कोण कोण असतात? लेखणी धरणारा संपादक, ज्याचे भांडवल गुंतले आहे तो मालक, ज्याच्या यंत्रावर अंक निघतो तो छापखानदार, की हे सर्व मिळून? जोवर या सर्वांचे मत एक असते तोवर प्रश्न उद्भवत नाही. मतभेद झाला म्हणजे सर्वनामाच्या मालकीचा वाद सुरू होतो, आणि मराठी मुद्रणव्यवसायाचा इतिहास पाहिला तर हा वाद बहुधा विचारांच्या क्षेत्रात सुटलेला नाही. तो कर्ज, भाग, विश्वस्तपत्र व न्यायालय यांच्या साहाय्याने सुटला आहे.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘केसरी’चे आहे. २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी ‘मराठा’ व ४ जानेवारी रोजी मराठी ‘केसरी’ निघाला. त्यापूर्वी बरोबर एक वर्ष आधी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते आणि त्याच मंडळींनी आर्यभूषण छापखाना उभा केला होता. शाळा, दोन पत्रे व छापखाना ही एकाच उद्योगाची तीन अंगे होती, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे व डॉ. गर्दे यांच्या सहीने पत्रांचे जाहीर पत्रक निघाले होते. या अवस्थेतला ‘आम्ही’ खरोखरीच अनेकवचनी होता. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकरांचे निधन झाले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या मजकुरावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर व टिळक या दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली, व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तुरुंगवासाने त्यांचे सख्य अधिकच दृढ झाले असे त्या काळाविषयी नेहमी लिहिले जाते, आणि ते खरेही असावे.

पुढे १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी नोंदली गेली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. शिक्षणसंस्थेस सरकारी अनुदान व संस्थानिकांच्या देणग्या हव्या होत्या. पत्रांना सरकार व संस्थानिक या दोघांवरही टीका करावयाची होती. दोन्ही गोष्टी एका नावाने चालणे कठीण होते. म्हणून पत्रे व छापखाना यांची व्यवस्था संस्थेपासून निराळी करण्यात आली. हा निर्णय व्यवहारी होता, पण त्याचा एक परिणाम असा झाला की पत्रे कोणाची, हा प्रश्न प्रथमच सरळ विचारता येऊ लागला.

याच सुमारास सामाजिक सुधारणेचा वाद पेटला. मलबारींची टिपणे १८८४ साली प्रसिद्ध झाली, रखमाबाईंचा खटला न्यायालयात उभा राहिला, आणि विवाहाचे वय, विधवांची स्थिती, कायद्याने सुधारणा करावी की न करावी, या प्रश्नांवर ‘केसरी’ने काय म्हणावे याविषयी चालकांत दोन तट पडले. संपादक आगरकर होते, परंतु चालकांपैकी बहुतेकांचे मत त्यांच्या विरुद्ध होते. येथे भाषेचा व मालकीचा पेच एकत्र येतो. आगरकरांनी ‘मला असे वाटते’ असे लिहिले असते तर कोणाचीच हरकत नव्हती. निदान फारशी नव्हती. पण अग्रलेखात ‘मी’ला जागा नाही. तेथे ‘आम्ही’ असे लिहावयाचे म्हणजे जे आपल्याशी सहमत नाहीत त्यांच्या तोंडी आपले मत घालावयाचे. सहकाऱ्यांची तक्रार नेमकी हीच होती. उलट, स्वतःस न पटणारे मत ‘आम्ही’ म्हणून आपल्याच लेखणीने लिहावे लागणे हे आगरकरांसारख्या मनुष्यास अशक्य होते. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी योग्य होते. म्हणूनच तडजोड निघाली नाही. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व टिळक संपादक झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असे, व इंग्रजीची बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

शाळेतील भांडण याहून वेगळे होते, पण त्याचा शेवट पत्रांवर झाला. आजीव सभासदांनी आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे व मिळकत करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. इतरांना तो जाचक वाटे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा वाद विकोपास गेला व टिळकांनी १८९० च्या ऑक्टोबरात राजीनामा दिला. शिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेल्या या मनुष्याजवळ आता पत्रेच उरली होती, आणि तीही पूर्णपणे त्याची नव्हती. वासुदेवराव केळकर व हरि नारायण गोखले हे भागीदार होते. (हे केळकर म्हणजे पुढे ‘केसरी’चे संपादक झालेले नरसिंह चिंतामण केळकर नव्हेत; दोघांची गल्लत वारंवार होते.) १८९१ च्या सुमारास वाटणी झाली. दोन्ही पत्रे सुमारे ७,००० रुपयांच्या कर्जासह टिळकांकडे आली आणि आर्यभूषण छापखाना इतर दोघांकडे गेला.

ही वाटणी नीट पाहण्यासारखी आहे. त्या काळी छापखाना हेच उत्पन्नाचे साधन होते. खिळे, यंत्र, जागा या वस्तूंना बाजारात किंमत होती, आणि बाहेरची कामे घेऊन छापखाना रोज पैसा मिळवू शके. पत्र म्हणजे वर्गणीदारांची यादी, त्यांच्याकडील थकबाकी आणि एक नाव. हिशेबी माणसाने छापखाना घेतला असता. टिळकांनी नाव घेतले, व त्याबरोबर कर्ज. ‘केसरी’चा प्रसार वाढता होता, ‘मराठा’ मात्र तोट्यात चाले. तरी दोन्ही एकत्रच उचलावी लागली. पुढील तीस वर्षांत या नावास जी किंमत आली ती पाहता त्यांचा अंदाज चुकला नाही असे आज सहज म्हणता येते, परंतु १८९१ साली तो केवळ अंदाज होता.

पत्र एकाचे व छापखाना दुसऱ्याचा, या व्यवस्थेचा अर्थ १८९७ साली उघड झाला. राजद्रोहाच्या त्या खटल्यात टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांस दोषी ठरविले व मुद्रकास निर्दोष सोडले. मुद्रकास खेचण्याचे कारण १८६७ च्या छापखाने व पुस्तक-नोंदणी कायद्यात सापडते. त्या कायद्याप्रमाणे मुद्रक व प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावयाचे व प्रत्येक अंकावर आपले नाव छापावयाचे असे. संपादकाचे नाव छापण्याची सक्ती त्यात मुळात नव्हती. ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे ज्या काळात आगरकर, टिळक, शिवरामपंत परांजपे यांची नावे घरोघरी झाली होती, त्या काळात कायद्याच्या लेखी ‘संपादक’ नावाची अंकावर छापावी लागणारी व्यक्तीच नव्हती! सरकार यंत्र ओळखत होते, लेखणी नव्हे.

‘संपादक’ हा शब्दही या संदर्भात तपासावा. मराठीत ‘संपादणे’ म्हणजे मिळविणे, प्राप्त करून घेणे; कीर्ती संपादावी, विश्वास संपादावा, विद्या संपादावी. संस्कृतातील सम् + पद् या धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थ सिद्धीस नेणे, घडवून आणणे असा आहे. ग्रंथ वा पत्र ‘संपादणे’ हा अर्थ त्यावर नंतर बसला. त्या काळच्या लेखनात ‘एडिटर’ व ‘पत्रकर्ता’ हे शब्दही आढळतात. ‘कर्ता’ हा मराठी घरातील शब्द आहे: कर्ता पुरुष म्हणजे ज्याच्या हाती व्यवहार आहे तो. ‘पत्रकर्ता’ मागे पडून ‘संपादक’ स्थिरावला, त्याबरोबर ‘मालक’ हा अरबी शब्द वेगळा उभा राहिला, आणि दोघांच्या मध्ये ‘चालक’ हा मोठा सोयीचा शब्द आला. चालक कधी मालक असतो, कधी संपादक, कधी दोन्ही. नेमके काय ते सांगावे लागत नाही. १८८० च्या मंडळींना हाच शब्द जवळचा वाटावा यात आश्चर्य नाही.

छापखाना हेच मर्मस्थान आहे हे सरकारनेही हेरले होते, आणि या प्रकरणाचा एक धागा नाशिकला येऊन मिळतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध झाला. पुढील फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळाने नवा मुद्रणकायदा संमत केला. कडक नियंत्रणाची मागणी आधीपासूनच होती. नाशिकच्या घटनेने तिला निकड आली. या कायद्याने छापखानदाराकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास मिळाला, व आक्षेपार्ह मजकूर छापल्यास तो जप्त होऊ शके. परांजप्यांचा ‘काळ’ त्याच वर्षी जामिनाच्या मागणीमुळे बंद पडला. लेखकाला शिक्षा करण्यापेक्षा छापखान्याच्या मालकाला धाक घालणे स्वस्त पडते, आणि मग मालकच संपादकाला आवरतो. परकी सत्तेने मालक व संपादक यांच्यातील फटीचा असा उपयोग करून घेतला.

आर्यभूषण छापखाना पुढे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे गेला. १८४९ साली निघालेले ‘ज्ञानप्रकाश’ हे पत्रही १९०९ साली त्याच संस्थेकडे आले आणि १९५१ च्या सुमारास बंद पडेपर्यंत तिच्याकडेच राहिले. ज्या छापखान्यातून ‘केसरी’ निघाला, तो टिळकांच्या राजकीय प्रतिपक्षाच्या हाती जावा, हा एक मोठाच दैवविलास म्हटला पाहिजे.

टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांच्यामागे पत्रे विश्वस्तांच्या हाती राहिली. ‘विश्वस्त’ हा शब्द संस्कृतात ‘ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे असा’ या अर्थाचा विशेषणशब्द. मराठीत तो एका कायदेशीर पदाचा वाचक झाला. विश्वस्त मालक नसतो, परंतु मालकाचे सर्व अधिकार वापरतो. आणि ज्यांच्यासाठी तो ते वापरतो त्यांना त्याच्यावर विश्वास असेलच असे नाही. ‘केसरी’च्या बाबतीत नेमके हेच झाले. विश्वस्त मंडळ व टिळकांचे पुत्र रामभाऊ आणि श्रीधरपंत यांच्यामधला वाद न्यायालयापर्यंत गेला. वादाचे बाह्य रूप मिळकतीचे होते. आतून तो १८८७ चाच वाद होता: टिळकांच्या नावाने ‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा? श्रीधरपंतांचा ओढा समतेच्या चळवळीकडे होता. १९२८ च्या एप्रिलात त्यांनी गायकवाडवाड्यात समाज समता संघाची शाखा काढली व त्या प्रसंगी डॉ. आंबेडकर तेथे आले होते. ज्या वाड्यातून ‘केसरी’ निघत होता त्याच वाड्यात ‘केसरी’च्या धोरणाविरुद्ध फलक लागला. पुढच्याच महिन्यात, २५ मे १९२८ रोजी, श्रीधरपंतांनी आपले जीवन संपविले. मृत्यूपूर्वी त्यांनी लिहिलेल्या पत्रांपैकी एक आंबेडकरांना होते. वृत्तपत्राच्या ताब्याचा वाद ही काही केवळ हिशेबनिसांची गोष्ट नव्हे, हे या एका घटनेवरून कळते.

भागीदारी व विश्वस्तनिधी यांच्यानंतर मराठी वृत्तपत्रसृष्टीत कंपनीचा काळ आला. डॉ. नारायण भिकाजी परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यास ‘सकाळ’ सुरू केला व १९४८ साली त्याची खाजगी मर्यादित कंपनी झाली. या पत्राचे एक प्रकरण न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे, भाषाभ्यासकांस नाही. १९५६ चा कायदा व त्याखालील १९६० चा हुकूम यांनी वृत्तपत्राची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घातली. ‘सकाळ’ त्या वेळी आठवड्यातून पाच दिवस सहा पाने व एक दिवस चार पाने, म्हणजे एकूण ३४ पाने, प्रत्येकी सात नव्या पैशांस देत असे. हुकुमाप्रमाणे त्या किमतीत आठवड्यास २४ पानेच देता आली असती. ३४ कायम ठेवावयाची तर किंमत आठ पैसे करावी लागे. मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये हा सरकारचा उद्देश होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी हा कायदा व हुकूम दोन्ही रद्द केले. किंमत वाढली तर खप घटतो, पाने कमी केली तर मजकूर घटतो, आणि खप व मजकूर ही दोन्ही मतस्वातंत्र्याचीच अंगे आहेत, असा निकालाचा आशय आहे. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांचे होते. एका पैशाच्या फरकाचा मतस्वातंत्र्याशी संबंध जोडणारा हा निकाल मराठी पत्रकारितेच्या इतिहासग्रंथांत अधिक विस्ताराने यावयास हवा होता.

सरकारापासून पत्र वाचले. कंपनीच्या अंतर्गत व्यवहारापासून कायदा त्याचे रक्षण करीत नव्हता, करणारही नव्हता. परुळेकर १९७३ साली वारले. १९८५ साली ‘सकाळ’ची सूत्रे पवार कुटुंबाकडे गेली, आणि भागांच्या हस्तांतरणावरून परुळेकरांच्या कन्येने चालविलेल्या वादाचा सर्वोच्च न्यायालयातील निर्णय २००५ साली लागला. वीस वर्षे चाललेल्या या वादाची परिभाषा ‘केसरी’च्या वादाहून किती निराळी आहे! तेथे मत, तत्त्व, कर्तव्य. येथे भाग, भागधारक, संचालक, नियमावली. आगरकरांनी काय लिहावे हा प्रश्न भागीदारांच्या बैठकीत निघू शके. कंपनीच्या सभेत असा प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाही. तेथे कोणाकडे किती भाग आहेत एवढेच विचारले जाते, आणि त्या उत्तराबरोबर अग्रलेखाचा ‘आम्ही’ आपोआप बदलतो.

पत्राचे नाव हीच खरी मालमत्ता, ही गोष्ट अन्य उदाहरणांनीही दिसते. लोकनायक अणे यांनी १९१८ साली यवतमाळास ‘लोकमत’ साप्ताहिक काढले होते. तेच नाव जवाहरलाल दर्डा यांनी पुढे पुनरुज्जीवित केले व १९७१ च्या डिसेंबरात नागपुरास त्याच नावाचे दैनिक निघाले. नाशिकपुरते बोलावयाचे तर दादासाहेब पोतनीस यांचे ‘गावकरी’ व त्याच संस्थेचे ‘अमृत’ मासिक ही स्थानिक मालकीची ठळक उदाहरणे होत. नंतर मुंबई-पुण्याच्या व नागपूरच्या दैनिकांनी येथे आपल्या आवृत्त्या सुरू केल्या. आवृत्ती म्हणजे पुनरावर्तन. तिचा संपादक ‘निवासी’ असतो, म्हणजे तो येथे राहतो एवढेच ते पद सांगते, पत्राचे धोरण येथे ठरते असे सांगत नाही. (नाशिक रोडला मुद्रणाचा आणखी एक मोठा कारखाना आहे, तेथे नोटा व मुद्रांक छापतात. त्याला ग्राहक शोधावे लागत नाहीत.)

व्यवसाय वाढता असताना झालेला संघर्ष व तो आटत असताना होणारा संघर्ष यांत भेद असतो. त्यासाठी जपानचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे छापील पुस्तके व मासिके यांची विक्री १९९६ साली २ लाख ६० हजार कोटी येनांहून अधिक होती. २०२४ साली ती सुमारे १ लाख कोटींवर आली. त्या देशात पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवितो, दुकानदाराला ती बदलता येत नाही, आणि न विकलेल्या प्रती परत करता येतात. या पद्धतीमुळे टोहान व निप्पान या दोन घाऊक वितरकांच्या हाती फार मोठी सत्ता एकवटली. काडोकावा या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेत संस्थापकाच्या मृत्यूनंतर १९७५ साली थोरला मुलगा हारुकी प्रमुख झाला. धाकटा भाऊ त्सुगुहिको १९९२ साली बाहेर पडला व त्याने स्वतःची संस्था काढली. १९९३ साली कोकेनच्या प्रकरणात हारुकीला अटक होताच तो परत येऊन प्रमुख झाला. २०२२ साली ऑलिंपिकसंबंधीच्या लाच-प्रकरणात त्यालाही अटक झाली. २०२५ च्या जानेवारीत सोनी ही कंपनी सुमारे एक दशांश भाग घेऊन त्या संस्थेची सर्वांत मोठी भागधारक झाली. सोनीला काडोकावाचा कागद नको आहे. कथा, पात्रे व त्यांची नावे हवी आहेत. टिळकांनी छापखाना सोडून नाव घेतले, त्याच्या मुळाशी असलेला विचार येथे निराळ्या हेतूने पुन्हा भेटतो.

महाराष्ट्रात ही ओहोटी आकड्यांत मांडणे कठीण असले तरी तिच्या खुणा दिसतात. २०२० च्या एप्रिलात साथीमुळे घरोघर अंक टाकण्यास काही काळ बंदी झाली, आणि सकाळी दारात अंक पडण्याची अनेक पिढ्यांची सवय पहिल्यांदाच सर्वत्र एकदम तुटली. अशा काळात मालकाचे लक्ष छापखान्याची जागा, पत्राचे नाव व जुन्या अंकांचा संग्रह यांवर जाते, आणि संपादकाचे स्थान ठेकेदाराच्या जवळ येते. ‘आम्ही’ मात्र कायम आहे. सहीने लिहिलेल्या स्तंभांत ‘मी’ मुक्तपणे वावरतो. तो अग्रलेखाच्या चौकटीत अजून शिरलेला नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेली एक ओळ बहुतेक वाचक वाचीत नाहीत. मुद्रक, प्रकाशक, मालक व संपादक यांची नावे तेथे असतात आणि संपादकाच्या नावापुढे एखादे चिन्ह टाकून अंकातील मजकुराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असल्याचे नमूद केलेले असते. ही ओळ १८६७ च्या कायद्याची संतती होय. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा नियतकालिक-नोंदणी कायदा लागू झाला. ‘आम्ही’ या सर्वनामात कोण सामावले आहे हे अग्रलेख कधी सांगत नाही. अंकापुरते त्याचे उत्तर या एका ओळीत दिलेले असते.